आमची वाटचाल: पिकअपच्या टायमिंगच्या कामाने गॅरेजला ओळख दिली

गॅरेज सुरू केलं तेव्हा आम्ही दोघं भाऊ आणि काम येईल ते. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, ऑईल बदलणं, कशालाच नाही म्हणायचो नाही. त्यात पिकअप जास्त यायच्या कारण त्या रोज माल ओढतात, गाडी बंद तर मालकाचा धंदा बंद. मग दोन-तीन लाख किलोमीटर पळालेल्या गाड्या एकाच तक्रारीने यायला लागल्या, सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिनच्या पुढच्या बाजूने दोन-चार सेकंद खडखड आणि मग एकदम गप्प. जुनी गाडी आहे, आवाज करणारच, असं त्यांना बाहेर सांगितलेलं असायचं. आम्हाला हे कधीच पटलं नाही.

कारण बघा, टायमिंग चेन म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका मेळात फिरवणारी साखळी. तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनात ऑईलच्या प्रेशरवर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑईल उतरतं, स्टार्ट केल्यावर प्रेशर बनेपर्यंत चेन सैल असते आणि गाईडवर, म्हणजे तिला जागेवर धरणाऱ्या प्लास्टिक लावलेल्या पट्टीवर, आपटते. चेन नवी असेल तर एवढ्याने काही होत नाही, पण लाखो किलोमीटर चाललेल्या चेनमध्ये प्रत्येक पिन आणि बुश थोडं थोडं घासलेलं असतं आणि सगळ्या कड्यांचं मिळून चेन इतकी लांबते की टेन्शनर पूर्ण बाहेर येऊनही ताण पुरत नाही. कॅम मागे पडतो, गाडी ओढत नाही, स्कॅनरवर पी ००१६ सारखा कोड दिसतो म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये. हा कोड आला की सेन्सर बदलून मोकळं व्हायचं अशी पद्धत खूप ठिकाणी आहे. आम्ही आधी ऑईल फिल्टर कापून बघतो. त्याच्या घड्यांमध्ये धातूची चमक किंवा प्लास्टिकचे तुकडे सापडले तर पुढे काय निघणार याचा अंदाज तिथेच येतो.

एका पिकअपचं काम अजून डोळ्यासमोर आहे. पुढचं कव्हर काढलं तर एका गाईडचं प्लास्टिक अर्ध गायब, चेनने मागचा धातू घासून चकचकीत केलेला. मग ते प्लास्टिक गेलं कुठे? इंजिनखालचं ऑईलचं चेंबर खाली उतरवलं तर ऑईल ओढून घेणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीत तपकिरी तुकडे गच्च अडकलेले आणि जाळीचा थोडाच भाग मोकळा. नुसती चेन बदलून ती गाडी दिली असती तर ऑईल कमी पडून बेअरिंग गेली असती. तेव्हापासून आमच्याकडे गाईड तुटलेला दिसला की चेंबर खोलायचंच, मालक कितीही घाईत असला तरी.

याच कामांमुळे आम्ही ठरवलं की टायमिंगचं काम पूर्ण सेट टाकूनच करायचं. चेन, गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं), क्रँकचं सील, आणि व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर तिचा कॅमवरचा फेजर तपासून. "फक्त चेन टाका ना" म्हणणारे बरेच असतात, पण स्प्रॉकेटच्या झिजून हुकासारख्या झालेल्या दातांवर नवी चेन टाकली तर तीही लवकर जाते, आणि खरी मेहनत तर पुढची बाजू खोलण्यात आहे, ती दुसऱ्यांदा कशाला करायची? काही गिऱ्हाईकं यावरून निघून गेली, जाऊ दिली. दुसरी लिफ्ट घ्यायची की कॅम लॉक करायची हत्यारं घ्यायची असा प्रश्न आला तेव्हा आम्ही हत्यारं घेतली. गाड्या कमी उभ्या राहिल्या पण काम नीट झालं.

जोडताना घाई अजिबात चालत नाही. चेनच्या रंगीत कड्या खुणांवर बसवायच्या, सगळं बसल्यावरच टेन्शनर दाबून ठेवणारी पिन ओढायची आणि मग पान्याने हातानेच क्रँकचे दोन पूर्ण फेरे, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो. मध्ये कुठे कडक लागलं तर तिथेच थांबायचं, जोर लावला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडून वाकतो. दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांवर येत नाहीत, नवीन पोरं इथे घाबरतात, पण तेव्हा कड्या नाही बघायच्या, स्प्रॉकेटच्या खुणा बघायच्या. क्रँकचा बोल्ट एकदाच वापरायचा असेल तर नवाच लावतो. कव्हरचं सिलिकॉन पूर्ण सुकू देतो. आणि पहिल्या स्टार्टच्या आधी इंधन बंद ठेवून थोडं क्रँक करतो म्हणजे ऑईल वर चढतं.

गाडी देताना जुने पार्ट मालकाच्या हातात देतो. जुनी आणि नवी चेन आडव्या धरून दाखवायच्या, नवी बऱ्यापैकी सरळ राहते आणि जुनी बाजूला लोंबते. एवढं बघितलं की बिलावर वाद होत नाही, उलट ऑईल कधी बदलायचं, कुठल्या ग्रेडचं घालायचं हे तेच विचारतात, आणि चेन टिकायला तेच तर लागतं, वेळेवर ऑईल आणि डिपस्टिकवर पुरेशी लेव्हल.

आता चेनऐवजी टायमिंग बेल्ट असलेल्या पिकअपचंही रजिस्टर सुरू केलंय. बेल्ट बहुतेक वेळा आवाज न करता तुटतो, त्यामुळे कंपनीने सांगितलेले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्याच्या थोडं आधीच आम्ही मालकाला फोन करतो.