गॅरेजचा रिमोट घेताना

आईबाबा पुढच्या आठवड्यात न्यू जर्सीला येतायत, म्हणून आज गॅरेजच्या दारासाठी आणखी एक रिमोट घेतला. बाबांना चष्म्याशिवाय चाचपून दाबता यावं म्हणून मोठ्या बटणाचा.

दुकानात सगळे सारखेच दिसतात, खरी माहिती असते छताला टांगलेल्या मोटरवर. आमची चेंबरलेन कंपनीची. निघण्याआधी शिडीवर चढून तिचं ‘लर्न’ बटण, म्हणजे नवा रिमोट जोडायचं बटण, पाहिलं: जांभळं. म्हणजे ३१५ मेगाहर्ट्झ, रोलिंग कोड (दर वेळी बदलणारा). पिवळं असतं तर त्यांच्या सिक्युरिटी प्लस २.० या नव्या पद्धतीचा रिमोट लागला असता.

रोलिंग कोडवर मी अडूनच बसते. आत छोटे स्विच असलेल्या जुन्या रिमोटचा कोड कायम एकच. २०१५ मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने तसली दारं मुलांच्या खेळण्यात फेरफार करून दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवली होती. आणि आमच्या गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात येता येतं हो!

जोडणी सोपी. लर्न दाबून लगेच सोडायचं, दिवा लागला की अर्ध्या मिनिटात रिमोटचं बटण दाबायचं. लर्न दाबून धरू मात्र नका, आधीचे सगळे रिमोट पुसले जातात.