नुसत्या पाण्यावरून मासा कसा कळतो?

तापीवरच्या हतनूर धरणाच्या जलाशयाकाठी मी पाण्याचे नमुने घेत असलो, की भोई समाजातले कुणीतरी आप्पा जवळ येऊन विचारतात, "भाऊ, जाळं नाही, गळ नाही, मग नुसत्या पाण्यावरून कोणता मासा आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, झडलेले खवले आणि विष्ठा यांतून त्याच्या पेशी सतत पाण्यात मिसळत असतात आणि त्यांतला डीएनए काही दिवस तिथे टिकतो. पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून ओढले, की त्यावर एक मातकट डाग उरतो. तोच आमचा ऐवज. प्रयोगशाळेत त्यातला डीएनए वेगळा करून, पीसीआरने त्याच्या असंख्य प्रती काढून, तो ओळखीच्या माशांच्या नोंदींशी ताडून पाहतात. फ्रान्समधल्या तळ्यांत शिरलेला बुलफ्रॉग हा परका बेडूक याच रीतीने हुडकल्याचे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. लागवडीला बंदी असलेला आफ्रिकी मांगूर आपल्या पाण्यात शिरला असेल, तर तोही जाळ्यात येण्याआधी असा कळू शकतो.

पावसाळ्यात तापीच्या गाळाने फिल्टर लगेच चोंदतो, तर मे महिन्याच्या उन्हात डीएनए झपाट्याने तुटतो, म्हणून फिल्टर तिथल्या तिथे अल्कोहोलमध्ये बुडवावा लागतो. शिवाय सापडलेला डीएनए तापी किंवा पूर्णेच्या वरच्या अंगाने वाहून आलेला असू शकतो, आणि मासे नेमके किती आहेत हे त्यावरून सांगता येत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. ज्या माशाच्या डीएनएची नोंद आधी कुणी केलेली नाही, त्याचा डीएनए समोर असूनही यंत्र त्याचे नाव सांगू शकत नाही. १८८४ नंतर कुणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात सापडला. इतकी वर्षे तो सातपुड्यातच होता. झाडावर बसणाऱ्या पक्ष्याची ही गत, तर पाण्याखालच्या बोटभर माशांची दखल कोण घेणार? बाजारात न विकले जाणारे हे मासे भोई बांधव जाळ्यातून वेगळे काढून टाकतात, पण त्यांतला प्रत्येक त्यांना नावानिशी ठाऊक असतो. म्हणून मी उत्तर देऊन झाल्यावर त्यांच्याकडे तेच मासे मागतो.

गेल्या खेपेला एका आप्पांनी ओल्या फडक्यात गुंडाळून असा एक मासा आणून दिला. त्याच्या परांचा तुकडा कुपीत घातला आणि चिठ्ठीवर शास्त्रीय नावाची जागा कोरी ठेवून आप्पांनी सांगितलेले नाव लिहून घेतले.