तुम्ही विचारलंत म्हणून : हेरकथेला अखंड ज्योत कशाला?

‘साताऱ्यात राहून हेरकथा लिहिता, मग गोष्ट थेट अझरबैजानातल्या जळत्या टेकडीवर का नेलीत?’ हा प्रश्न वाचक मला नेहमी विचारतात. टेकडी माझ्या कल्पनेतली आहे. पण ज्या आब्शेरोन द्वीपकल्पावर मी ती उभी केली, तिथे बाकूजवळच्या यानार दागच्या उतारावर जमिनीतून झिरपणारा नैसर्गिक वायू खरोखरच रात्रंदिवस जळत असतो.

हेरकथेला अंधार लागतो, असा समज आहे. मला मात्र उजेड अधिक धोक्याचा वाटतो. ज्योतीकडे पाहत बसलेल्या माणसाचे डोळे दिपतात आणि मान वळवल्यावर काळोखाला सरावायला त्यांना २०-३० मिनिटे लागतात. म्हणून यात्रेकरूंच्या गर्दीत जो एकटाच आगीकडे पाठ करून बसला आहे, तो दर्शनाला आलेला नाही, हे माझी नायिका पहिल्याच रात्री ओळखते.

याहून मोठे कारण म्हणजे बाकूजवळच्याच सुराखानीचे आतेशगाह हे अग्निमंदिर. तिथे एकेकाळी हिंदुस्थानी व्यापारी आणि साधू राहत. त्यांनी कोरवलेले देवनागरी शिलालेख आजही तिथल्या भिंतींत आहेत. आसपासच्या वायूचा उपसा इतका झाला की १९६९ मध्ये तिथली नैसर्गिक ज्योत विझली, आणि आता तिथे जळतो तो नळाने आणलेला वायू. तिथे हे कोणी लपवलेले नाही. पण हे वाचल्यापासून एक विचार माझी पाठ सोडीना: समजा, कोणी लपवले असते तर?

कादंबरी तिथूनच सुरू झाली. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि शुद्ध मिथेनला वास नसतो. आपल्या घरातल्या सिलिंडरचा उग्र दर्प हा गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. वायूबरोबर तोही जळून जातो, त्यामुळे आग पेटती असेपर्यंत लबाडी झाकलेली राहते. वाऱ्याच्या झोताने कडेची एक लहानशी ज्योत विझते, दगडाच्या फटीतून नायिकेला स्वयंपाकघरातला तो ओळखीचा वास येतो, आणि देवाची म्हणून पुजली जाणारी ही आग कोणाच्या तरी हातातल्या झडपेवर चालली आहे, हे तिला उमगते. अखंड मानलेल्या ज्योतीच्या भरवशावर ज्या प्रदेशात शपथा घेतल्या जातात आणि तह होतात, तिथे ती झडप कोणाच्या ताब्यात आहे, याचाच पुढे सगळा शोध आहे.

हे सारे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घडवा, असा आग्रह काही जण प्रेमाने धरतात, पण तो मला मानता येत नाही. आपल्या पायाखाली लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला काळा पाषाण आहे, आणि अशी ज्योत आपल्या डोंगरांत कुठेही नाही. ज्या कथेचा सगळा उलगडा जमिनीखालच्या वायूवर अवलंबून आहे, तिची जमीनच खोटी असेल तर वाचकाने पुढचे काय म्हणून खरे मानावे? इथल्या मातीशी नाते मात्र मी तोडलेले नाही. शिवरायांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर आहे. नायिकेचे गाव मी त्याच गडाच्या पायथ्याशी वसवले आहे आणि तिच्या लहानपणाची प्रकरणे तिथेच घडतात.