जुनी ई-सायकल घेतलीय, पावसाळ्याआधी काय करू?

मे महिना लागला की हा प्रश्न येतोच. कुणीतरी दोन-तीन वर्षं वापरलेली ई-सायकल निम्म्या किमतीत घेतलेली असते. ३६ व्होल्टची बॅटरी, मागच्या चाकात २५० वॉटची हबमोटर. आणि एका दमात विचारणं असतं: हिची ताकद वाढवता येईल का, आणि पावसात चालेल का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, क्रम उलटा करा. आधी पाणी, मग ताकद. जुनी सायकल मंद झाली असेल तर दोष बहुतेक वेळा मोटरीचा नसतो. बॅटरी थकलेली असते, नाहीतर एखाद्या हिरव्या पडलेल्या जोडात करंट अडलेला असतो.

बॅटरीची परीक्षा सोपी आहे. पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, तासाभराने मल्टिमीटर लावा. या पॅकमध्ये सेलचे दहा गट ओळीत असतात, प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ४२. आकडा ४१.५च्या वर असेल तर ठीक. ४०च्या आसपासच अडत असेल आणि चार्जर बरोबर ४२ देत असेल, तर एखादा गट मागे पडलाय. बाकीचे आधी भरतात आणि बीएमएस (पॅकमधलं राखणदार सर्किट) सगळ्यांचंच चार्जिंग तिथे तोडतो. मग भरलेल्या बॅटरीवर एखादा चढ चढा आणि व्होल्टेज बघत राहा. दोन-तीन व्होल्ट खाली बसणं स्वाभाविक आहे. पाच-सहा बसत असतील तर पॅक म्हातारा झालाय. तो घरी उघडू नका. पान्हा दोन टोकांवर पडला तर वितळेपर्यंत करंट देईल एवढा दम त्या म्हाताऱ्यातही असतो.

आता पाणी. लोक वरून झाकायला बघतात, पण सायकलीला पाणी खालून लागतं. पुढचं चाक चिखल उडवतं तो थेट पॅडलच्या कण्यावर, आणि तिथेच पॅडल सेन्सर असतो, पॅडल फिरतंय हे ओळखणारा. बऱ्याच सायकलींत कंट्रोलरचा, म्हणजे बॅटरीतला करंट मोटरीला मोजून देणाऱ्या सर्किटचा, डबाही त्याच्या आसपास. म्हणून पहिला खर्च पूर्ण लांबीच्या मडगार्डचा. टायरपेक्षा बोटभर रुंद हवं, आणि पुढच्या मडगार्डच्या टोकाला जाड रबराची पट्टी, जमिनीपासून वीतभर वर संपणारी. सीटच्या दांड्याला चिकटवतात ते प्लास्टिकचं आखूड पान फक्त तुमची पँट वाचवतं.

दुसरं काम फुकटात होतं. पाणी वायरीवरून ओघळत कनेक्टरपर्यंत येतं. कनेक्टरच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी जमून गळून पडतो. मोटरीची वायर एक्सलमधून बाहेर येते तिथे हा झोळ हवाच: वायर आधी एक्सलच्या खाली, मग वळून वर चिमट्याकडे. चढावर मोटर तापते, पुढे डबक्यात शिरली की गार होते, आतली हवा आकसते आणि वायरीच्या भोकातून पाणी ओढून घेते. गंजतात ते आतले हॉल सेन्सर, मोटर कुठवर फिरली हे कंट्रोलरला कळवणारे. तीनपैकी एक गेला की मोटर उठताना धक्के देते, घरघरते.

तपासायचं असेल तर बॅटरी चालू ठेवून सेन्सरच्या लाल-काळ्या वायरीवर मीटर लावा, ५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. मग काळी आणि पिवळी, हिरवी, निळी अशी एकेक जोडी धरून चाक हळू फिरवा. आकडा ०वरून ५वर आणि परत अशा उड्या मारत राहिला पाहिजे. जी उडी मारत नाही तो सेन्सर गेला. गिअरवाली (आत दातेरी चाकं असलेली) हबमोटर असेल तर चाक उलटं फिरवा. सुलटं फिरवलं तर आतला क्लच सुटतो, रोटर (मोटरीचा आतला फिरता भाग) जागचा हलत नाही, आणि चांगली मोटर उगाच बाद ठरते.

कनेक्टर एकेक करून सोडा. गोल, रबरी कनेक्टरवर बाणाची खूण असते. बाणासमोर बाण ठेवून सरळ दाबायचे, पिळले की आतल्या पिना वाकतात. हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मग पूर्ण वाळवणं, मग रबराच्या ओठावर मुगाच्या दाण्याएवढं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस. कंट्रोलरच्या डब्यातल्या उघड्या जोडांवर आतून डिंक असलेली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळेल. तापवल्यावर दोन्ही टोकांतून डिंक किंचित बाहेर आला की काम झालं. काळी इन्सुलेशन टेप नको. उन्हाने तिचा गोंद सुटतो आणि पाणी घड्यांत मुरून बसतं. सिलिकॉन वापरायचं तर न्यूट्रल क्युअर असं विचारून घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि ज्या तांब्याला वाचवायचं तेच खातं.

सगळीकडून बंदही करू नका. कंट्रोलरच्या डब्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ३-४ मिलिमीटरचं भोक राहू द्या. फ्रेमच्या तळाला कण्यापाशी असंच भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा. सीटच्या दांड्यावरून आत उतरणारं पाणी मात्र थांबवता येतं: जुन्या ट्यूबचा चार बोटं तुकडा क्लँपवर चढवा. बॅटरीला प्लास्टिकची पिशवी बांधायची तर फक्त वरून, खालून मोकळी. गच्च बांधली की आत घाम धरतो.

पावसात सायकल एकदम गप्प झाली तर आधी ब्रेकच्या लिव्हरमधल्या कट-ऑफ स्विचवर (ब्रेक दाबला की मोटर बंद करणाऱ्या) संशय घ्या. दोन्हींचे कनेक्टर एकेक करून काढून बघा, ज्याच्या काढण्याने मोटर सुरू होते तो ओला. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायला फिरवायची मूठ, ओला होणं जास्त वाईट. न फिरवता त्याचा सिग्नल १ व्होल्टच्या खाली राहिला पाहिजे. वर तरंगत असेल तर बदला, कारण सायकल आपोआप पळू शकते.

राहिली ताकद. ३६च्या जागी ४८ व्होल्टची बॅटरी लावायचा सल्ला सर्रास मिळतो. पण ४८वाला पॅक पूर्ण भरला की ५४.६ व्होल्ट असतो, आणि ३६ व्होल्टच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर बहुधा ५० व्होल्टचे. फुगून फुटतात. शिवाय २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा ओलांडली की नोंदणी, लायसन्स, विमा सगळं मागे लागतं. त्यापेक्षा त्याच व्होल्टेजची जास्त ॲम्पिअर-अवरची, म्हणजे जास्त साठ्याची, बॅटरी घ्या. ७.८ची १०.४ केली तर (३६ व्होल्टने गुणून) २८० वॉट-अवरचे ३७४ होतात. किलोमीटरला अकराएक वॉट-अवर धरले तर आठ-नऊ किलोमीटर वाढले. नव्या बॅटरीच्या बीएमएसचा सलग करंट कंट्रोलरच्या कमाल करंटपेक्षा जास्त हवा, नाहीतर ऐन चढावर बंद पडेल.

डिस्क ब्रेकचे रेझिन पॅड चिखलात भराभर झिजतात; सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड टिकतात, पण तबकडीवर 'रेझिन ओन्ली' छापलेलं असेल तर लावू नका. आणि वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाखाली ही सायकल कधीही धरू नका. कागदावरचं आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती अडेल त्याचा दर्जा) नव्या रबरांचं असतं.

रस्त्यावर पाणी एक्सलच्या उंचीला आलेलं दिसलं तर उतरून सायकल उचला. मोटर बुडालीच, तर मोटर चालू न करता घरी आणा, बॅटरी काढा, चाक सोडून मोटरीच्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू काढा आणि दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा.