नळाचे पाय आणि बेहड्याची फळं

नायक घर सोडतो, वाटेत संकटं येतात, कोणीतरी मदतीला धावतं, नायक जिंकून परततो. लोककथांचा अभ्यासक व्लादिमिर प्रॉप याने १९२८ साली रशियन परीकथांतून असे ३१ टप्पे वेगळे काढून दाखवले. काम मोठंच; पण ती यादी घेऊन दिसेल त्या कथेवर खुणा करत बसलं तर हाती खुणाच उरतात. ती कथा सांगणारी माणसं कशाला भितात, कशाची लाज बाळगतात, हे कळायचं तर वाटेतले मुक्काम बघावे लागतात.

नागपूरकराने सुरुवात महाभारतातल्या नळ-दमयंतीच्या कथेपासून करावी. दमयंती आपल्या विदर्भाची. तिचं कुंडिनपूर म्हणजे वर्धेकाठचं कौंडण्यपूर असं इकडे मानतात. महाभारताच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या चिकित्सित आवृत्तीत वनपर्वाचे ५० ते ७८ असे २९ अध्याय या कथेचे आहेत. मे महिन्यात ऊन कलेपर्यंत बाहेर पडायची सोय नसतेच. कूलर लावून चार जणांनी बसून रोज दोन-तीन अध्याय मोठ्याने वाचले तर पंधरवड्याच्या आत आटोपतात. वहीत चार रकाने पाडायचे: मुक्काम, तिथला नियम, तो कोणी मोडला, किंमत कोणी मोजली. चौथा रकाना रिकामा सोडायचा मोह होतो. तो सोडायचा नाही.

लहान मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती मात्र घेऊ नये. तिच्यात हंस असतो, स्वयंवर असतं, पण पाय नसतात. मूळ कथेत नळाच्या वाईटावर असलेला कली बारा वर्षं टपून बसतो आणि नळाच्या अंगात शिरतो तो एका क्षुल्लक चुकीतून: लघवीला जाऊन आल्यावर नळ आचमन करतो, पण पाय न धुता संध्येला बसतो. मग कलीच्या नादाने द्यूतात राज्य हरतो. इथे हमखास हशा पिकतो. पिकू द्यावा, मग विचारावं, एवढ्याशा चुकीला राज्य जाण्याची शिक्षा? याचं उत्तर लगेच स्वच्छतेच्या धड्याने देऊन टाकलं की चर्चा संपली. दुसऱ्या रकान्यात नियम लिहावा आणि पुढे जावं.

पुढे अरण्यातली रात्र. नळाचं वस्त्र पक्ष्यांनी पळवलेलं, दोघांत एकच वस्त्र. नळ झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र तलवारीने कापतो, निघतो, परत येतो, पुन्हा निघतो. त्याचं मन झोक्यासारखं येरझाऱ्या घालत होतं असं मूळ श्लोक म्हणतो. हा भाग दोनदा वाचावा. चूक नळाची आणि अरण्यात एकटी भटकते दमयंती: चौथा रकाना इथे भरतो.

घरी परतणाऱ्या ओडिसियसची कथा सांगणाऱ्या ग्रीकांच्या ओडिसी महाकाव्याला तीच वही लावली की नियम बदलतो. फेआशियन राजा अनोळखी पाहुण्याला आधी जेवू घालतो, नाव-गाव मागाहून विचारतो. एकडोळ्या सायक्लॉप्सचा पहिलाच प्रश्न ‘कोण तुम्ही?’, आणि पाहुणचार म्हणजे पाहुण्यांनाच खाणं. वैदर्भी घरात हे समजावून सांगावं लागत नाही; भर उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी, विचारपूस मग.

आता बेहडा. इतवारीत जडीबुटीवाल्याकडून पावभर आणावा. पुढे नळ वेश पालटून ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. हा राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे बघून दोन फांद्यांवरची फळं २,०९५ असल्याचं सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो, आकडा बरोबर निघतो. जुन्या काळी फासे म्हणून हीच फळं वापरत. अभ्यासकांनी लावलेली रीत अशी: मूठभर फळं टाकायची, चाराने भागायचं. बाकी शून्य तर कृत, तीन त्रेता, दोन द्वापर, एक उरलं तर कली. म्हणजे कली हे हरणाऱ्या डावाचंच नाव! स्वतः खेळून पाहिलं की नजरेने मोजण्याची विद्या नळाच्या एवढी कामाची का, ते हाताला कळतं. ऋतुपर्णाकडून ती मिळताच कली त्याच्या अंगातून निघतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. ही कथा बृहदश्व ऋषी सांगतो ती द्यूतात सगळं घालवून बसलेल्या युधिष्ठिराला, आणि शेवटी त्यालाही हीच विद्या शिकवतो. ‘जुगार वाईट’ एवढ्यावर भागवत नाही बाप्पा.

खरी वादावादी नळ-दमयंतीच्या पुन्हा भेटीच्या प्रसंगावर होते. नळ म्हणतो, ते मी केलं नाही, कलीने केलं. आणि वर दमयंतीलाच, तिने त्याला बोलावण्यासाठी उठवलेल्या दुसऱ्या स्वयंवराच्या आवईचा जाब विचारतो. तिच्या बाजूने वाऱ्याला साक्ष द्यावी लागते. या बैठकीला दोन तास तरी हाताशी ठेवावेत.

त्यानंतर गोंड आदिवासींच्या गीतातला त्यांचा नायक लिंगो घ्यावा. नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या टिपणांतून १८६६ साली हे गीत छापलं गेलं. भावांनी ठार मारलेला लिंगो पुन्हा जिवंत होतो आणि त्यांच्याकडे न जाता गुहेत कोंडलेल्या गोंडांना शोधायला निघतो. छापील पाठावर लिहिणाऱ्याचे संस्कार आहेत, म्हणून तो एकटा पुरत नाही. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या यात्रेत जाणत्यांकडून ऐकावं, मोबाइलवर टिपण्याआधी त्यांना विचारावं, आणि दोन पाठांत जे जुळत नाही ते वहीत शेजारी-शेजारी लिहावं.