आमची वाटचाल : ग्राहकाच्या मापाचं पॉलिमर

ग्राहकाला हवं तसं पॉलिमर बनवून द्यायला पुण्यात सुरुवात केली तेव्हा ऑर्डर यायच्या त्या बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांच्या. 10-20 ग्रॅम पॉलिलॅक्टाइड, कधी पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे शरीरात हळूहळू विरघळणारी पॉलिमरं. काचेचा फ्लास्क, ऑइल बाथ आणि नायट्रोजनचा सिलिंडर एवढ्यावर भागायचं. पुढे औषध कंपन्यांची फॉर्म्युलेशन खाती महिनाभर पुरणाऱ्या इंजेक्शनसाठी पीएलजीए (लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइड या दोन मोनोमरची, म्हणजे सुट्या कड्यांची, मिळून बनलेली लांब साखळी) मागू लागली आणि कामाचा नूरच पालटला.

‘50:50 पीएलजीए, 20,000 चं’ एवढ्या मागणीवर आम्ही कोटेशन देत नाही. साखळ्या लहानमोठ्या असतात, मग 20,000 हा त्यांचा संख्यासरासरी रेणुभार की वजनसरासरी? साखळीचा शेवट आम्लाचा हवा की एस्टरचा? आम्लाच्या शेवटाचं पॉलिमर पाणी लवकर ओढतं आणि लवकर विरघळून जातं, त्यामुळे औषध सुटण्याचा सगळा हिशोब बदलतो. शिवाय 50:50 हे प्रमाण मोलचं, म्हणजे रेणूंच्या संख्येचं आहे, वजनाचं नाही. 1 किलोच्या बॅचला लॅक्टाइड 554 ग्रॅम आणि ग्लायकोलाइड 446 ग्रॅम लागतं.

खरी लढाई पाण्याशी असते. एस्टर शेवटासाठी 20,000 गाठायचे तर या किलोला डोडेकॅनॉल (साखळी सुरू करून देणारं अल्कोहोल) साधारण 9.3 ग्रॅम, म्हणजे 0.05 मोल. आता मोनोमरमध्ये नुसतं 0.05 टक्का पाणी राहिलं असं धरा. तो अर्धा ग्रॅम म्हणजे जवळपास 0.028 मोल, आणि पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतःची वेगळी साखळी सुरू करतो. रेणुभार 13,000 च्या आसपास येऊन थांबतो, वर त्या साखळ्यांना आम्लाचे शेवट लागतात ते निराळेच. म्हणून लॅक्टाइड एथिल अ‍ॅसिटेटमधून रीक्रिस्टलाइज करायचं, व्हॅक्यूममध्ये वाळवायचं आणि कार्ल फिशरचा (उरलेलं पाणी मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा बघितल्याशिवाय रिअ‍ॅक्टरला हात लावायचा नाही. पावसाळ्यात तर चार्जिंग, म्हणजे माल भरणं, कोरड्या बंद ग्लोव्ह बॉक्समध्येच.

कॅटॅलिस्ट स्टॅनस ऑक्टोएट (टिनचं संयुग), वजनाच्या 0.02 टक्क्याच्या आसपास. ग्लायकोलाइड लॅक्टाइडपेक्षा चपळ, त्यामुळे ते आधी संपतं. ढवळणं कमी पडलं की ग्लायकोलाइडचे लांब पट्टे बनतात आणि माल टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये गढूळ दिसतो. घट्ट होत जाणारा लगदा साध्या पंख्याला दाद देत नाही, म्हणून किलोच्या रिअ‍ॅक्टरला अँकर स्टरर आणि गिअरची मोटर. तापमान चढवून वेळ वाचवायचा मोह टाळलेला बरा. जास्त उष्णतेत साखळीचं लॅक्टाइड परत सुटतं आणि रंग पिवळा पडतो.

इथवर जमलं तरी माल वाळवताना बिघडू शकतो. डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून गार मेथॅनॉलमध्ये ओतलेलं पॉलिमर ओलं असताना 30 अंशांच्या आसपासही मऊ पडतं. ओव्हन लगेच तापवला तर पांढऱ्या तंतूंचा एकच गोळा होतो, वरून साय धरते आणि सॉल्व्हंट आत कोंडतं. औषधातल्या डायक्लोरोमिथेनची मर्यादा 600 पीपीएम. त्या गोळ्यातून ती गाठता येत नाही. पहिला दिवस खोलीच्या तापमानाला पूर्ण व्हॅक्यूम, मग हळूहळू 35-40 अंश. घाईच्या ग्राहकांना आम्ही हेच सांगतो, आवडो न आवडो.

बॅचबरोबर जीपीसी (रेणुभार मोजणारी चाचणी), एनएमआर या रचना दाखवणाऱ्या चाचणीवरून काढलेलं प्रमाण आणि उरलेलं मोनोमर, व्हिस्कॉसिटी, कॅटॅलिस्टचं उरलेलं टिन यांचे आकडे जातात. पाकीट उणे 20 अंशांत ठेवायचं, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सील फोडायचं नाही. थंड पॉलिमरवर लगेच दव धरतं.

कॅरीबॅगवाल्यांचे फोन 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर वाढले. ते काम आम्ही घेत नाही. त्याला कंपोस्टेबलचं प्रमाणपत्र लागतं आणि भाव टनाच्या हिशोबाने चालतो.

सध्या जोर आहे तो पीएलजीए-पीईजी-पीएलजीए या ट्रायब्लॉकवर (मधे पॉलिएथिलीन ग्लायकॉल म्हणजे पीईजी, दोन्ही टोकांना पीएलजीए अशी तीन तुकड्यांची साखळी), ज्याचं 20 टक्क्यांचं द्रावण गार असताना वाहतं आणि शरीराच्या उष्णतेला घट्ट होतं. पीईजी स्वभावतःच पाणी धरून ठेवतं, म्हणून आधी 120 अंशांवर व्हॅक्यूममध्ये वाळवावं लागतं. शुद्धीकरणाला इथे मेथॅनॉल चालत नाही. माल बर्फाइतक्या गार पाण्यात विरघळवायचा, मग पाणी 80 अंशांपर्यंत तापवायचं. पॉलिमर खाली बसतं, आणि न जोडलेलं मोनोमर व सुटं पीईजी वरच्या पाण्याबरोबर ओतून टाकता येतं.