सुशिक्षित अंगठेबहाद्दर

ऑर्कुट हे गूगलचे समाजमाध्यम बंद होऊन आता दशकाहून अधिक काळ लोटला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने ते कायमचे मिटवले, पण आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी त्याआधीच तिथून बिऱ्हाड हलवले असल्यामुळे त्याचे सुतक कोणी पाळले नाही. मला मात्र तिथली एक रीत अजून आठवते. एखाद्याविषयी चांगले वाटले, तर तिथे ‘टेस्टिमोनियल’ लिहावे लागे, म्हणजे त्या माणसाविषयी दोन-चार ओळी स्वतः जुळवाव्या लागत, आणि त्याने त्या मान्य केल्यावरच त्या इतरांना दिसत. त्या काळी देवनागरीत टंकणे बहुतेकांना जमत नसे, त्यामुळे माझ्या मैत्रिणींनी रोमन अक्षरांतल्या मोडक्यातोडक्या मराठीत माझ्याविषयी जे लिहिले, ते वाङ्मय म्हणून भिकार होते. पण त्यातले प्रत्येक वाक्य कोणीतरी मला डोळ्यांसमोर आणून लिहिले होते.

फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने ‘लाइक’चे बटण आणले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ट्विटरने ‘रिट्वीट’चे. तोपर्यंत ट्विटरवर दुसऱ्याचे म्हणणे पुढे सांगायचे असेल, तर ते उचलून, त्याआधी मूळ लेखकाचे नाव घालून, आपल्या हाताने पुन्हा टाकावे लागे. त्यात फार वेळ जात नसे, पण ‘हे मी का सांगतो आहे’ असा प्रश्न मनात डोकावण्यापुरती फट राहत असे. बटण आले आणि ती फट बुजली. ते ‘रिट्वीट’चे बटण घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या ख्रिस वेदरेल यांनी २०१९ मध्ये एका मुलाखतीत कबूल केले, की आपण चार वर्षांच्या मुलाच्या हाती भरलेले शस्त्र दिले असावे. समाजमाध्यमांच्या फायद्या-तोट्यांची चर्चा करताना आपण वेळेचा अपव्यय, डोळ्यांचे विकार, मुलांची एकाग्रता असे अनेक मुद्दे मांडतो आणि ते खोटेही नाहीत. परंतु इतकी वर्षे या गर्दीत वावरल्यावर मला वाटते, की इथला आनंद आणि इथला उपद्रव यांना वेगळे करणारी रेषा याच फटीतून जाते. जिथे कोणी शब्द जुळवण्याचे, निदान खात्री करून घेण्याचे कष्ट घेतले आहेत, तिथे ही माध्यमे फार मोठे सुख देतात. जिथे नुसता अंगठा उमटतो, तिथे ती कधी कंटाळवाणी होतात आणि कधी भयंकर.

सुखाविषयी आधी लिहिते, कारण त्याबद्दल बोलताना शिकलेली माणसे उगीच संकोचतात. मी सह्याद्रीतल्या रानफुलांच्या एका फेसबुक समूहाची सभासद आहे. भाद्रपदात कास पठारावरून आलेला कोणीतरी हौशी माणूस चिखलात उगवलेल्या जांभळ्या-निळ्या इवल्या फुलाचे छायाचित्र टाकतो आणि नाव विचारतो. थोड्याच वेळात एक निवृत्त प्राध्यापक त्याला सांगतात, की ही सीतेची आसवे होत; दिसायला एवढी नाजूक असली, तरी ही वनस्पती कीटकभक्षी आहे आणि ओल्या मातीत दडलेल्या तिच्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. मग कोणी कवल्याविषयी विचारतो, कोणी सोनकीचे पिवळे गालिचे दाखवतो, आणि कारवी कुठल्या डोंगरावर कधी फुलली होती याचा हिशेब सुरू होतो, कारण ती सात-सात वर्षांनी फुलत असल्यामुळे मागचे वर्ष लक्षात ठेवणाऱ्याला मान असतो. या माणसांची आणि माझी गाठ कधी पडली नाही, कदाचित पडणारही नाही. शाळेत असताना वनस्पतीशास्त्र मला अतिशय रुक्ष वाटत असे. ते आवडू लागले, ते या अनोळखी लोकांनी संध्याकाळचा चहा थंड करून लिहिलेल्या उत्तरांमुळे.

असेच सुख अहिराणी, मालवणी आणि वऱ्हाडी लिहिणाऱ्यांनी दिले आहे. ज्या बोली पाठ्यपुस्तकात विनोदापुरत्या येत, त्या बोलींत लोक आता शेतीविषयी, आजारपणाविषयी, सासरच्या भांडणांविषयी सरळ गंभीरपणे लिहितात, आणि त्याला कोणा संपादकाची परवानगी लागत नाही.

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, या माध्यमांची दोन्ही रूपे एकाच वेळी समोर आली. प्राणवायूची खाट, रेमडेसिव्हिर, रक्तद्रव, रुग्णाच्या घरी डबा पोहोचवणारे अशा सर्वांचे क्रमांक व्हॉट्सॲप आणि ट्विटरवर अखंड फिरत होते. त्यांतले कित्येक क्रमांक कालबाह्य होते, काही लुबाडणाऱ्यांचे होते, आणि इंजेक्शन केव्हाच संपलेल्या दुकानदाराला रात्रभर दूरध्वनी येत होते. सद्भावनेने ढकललेला शिळा संदेश रुग्णाच्या नातलगाचा मोलाचा तास कसा खातो, हे आमच्या घरानेही अनुभवले. परंतु त्याच दिवसांत काही तरुण मुले-मुली फिरत आलेला प्रत्येक क्रमांक आधी स्वतः लावून पाहत, आणि मगच ‘सकाळी साडेदहा वाजता खात्री केली, दोन खाटा शिल्लक’ अशी ओळ जोडून पुढे पाठवत. माध्यम तेच, संदेशही जवळजवळ तेच. पण ती एक ओळ लिहिणाऱ्याने कोणाचे तरी प्राण वाचवले असण्याची शक्यता आहे, आणि ती ओळ न लिहिता पुढे ढकलणाऱ्याने फक्त आपल्या मनाला बरे वाटून घेतले.

ढकलण्याच्या सवयीची सौम्य रूपे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले, पण व्हॉट्सॲपवर त्यांचे लेखन तेव्हापासून वाढतेच आहे, आणि त्यातले बरेचसे वाचून ते स्वतः कपाळाला हात लावून बसले असते. कुटुंबाच्या समूहात कोणाच्या निधनाची बातमी आली, की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द एकाचे पाहून दुसरा असे खाली उतरत जातात; त्याच सुमारास कोणाच्या नातवाचा दहावीचा निकाल लागलेला असेल, तर वर न पाहणारा एखादा काका त्या रांगेत ‘अभिनंदन’ टाकून मोकळा होतो. यावर हसून सोडून देता येते. ज्या घरात माणूस गेलेले असते, त्या घराला मात्र त्या पन्नास एकसारख्या ओळींपेक्षा, आबांनी मला सायकल शिकवली होती एवढे सांगणारा एखादा संदेश पुरेसा होतो, आणि तो फार थोडे जण पाठवतात.

पुढच्या दोन गोष्टींवर हसता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, तेव्हा पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित करणारा मजकूर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. लिहिणारीला अटक होणे हा अन्यायच होता, पण केवळ अंगठा उमटवणारीलाही कोठडी दाखवली गेली, यावर माझा कित्येक दिवस विश्वास बसत नव्हता. पुढे खटला मागे पडला, आणि या प्रकरणाने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीने केलेल्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, इंटरनेटवरच्या ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दल अटक करू देणारे ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. अंगठ्याला शब्दाइतके वजन नसते, असे मी वर म्हटले खरे. पण कायदा आणि जमाव यांना ते कधीकधी शब्दाहून जड वाटते, हे त्या मुलींनी भोगून दाखवले.

दुसरी गोष्ट धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश २०१८च्या उन्हाळ्यापासून देशभर व्हॉट्सॲपवरून पसरत होते. १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या रविवारी, मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी साक्री तालुक्यातल्या त्या गावात आले आणि जमावाने त्यांना त्या टोळीतले ठरवले. ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून त्या पाचही जणांना मरेपर्यंत मारले. ते संदेश ज्यांनी पुढे पाठवले, त्यांतल्या बहुतेकांना कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. ‘काळजी घ्या’ एवढेच त्यांना सांगायचे होते. त्या पाचांच्या मृत्यूत अशा किती काळजीवाहू बोटांचा वाटा होता, याचा हिशेब कोणत्याही न्यायालयात मांडता येणार नाही.

त्यानंतर व्हॉट्सॲप कंपनीने जो उपाय केला, तो मला उद्बोधक वाटतो. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा तिने घातली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२० मध्ये, फार हातांतून फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम केला. या शेवटच्या नियमामुळे असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच जाहीर केले. म्हणजे बंदी नाही, शिक्षा नाही, प्रबोधन नाही. केवळ दोन-चार वेळा जास्त बोट लावावे लागेल एवढा त्रास वाढवला, आणि लोकांची कळकळ तेवढ्यानेच आटली. बुजवलेली फट कंपनीने स्वतःच्या हाताने थोडी उकरली म्हणायची. फेसबुकचा कल मात्र दीर्घकाळ उलट होता. २०१७पासून काही वर्षे तिथली गणिती यंत्रणा हृदय, हसू, संताप अशा चिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन देत होती, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून उघड झाले. अर्थात जे वाचून माणसे रागावतील, ते अधिकांपुढे जाण्याची सोय झाली होती.

मुलांच्या बाबतीत उपाय शोधणारे आपल्याकडेही आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवायचे असा ग्रामस्थांनी नियम केला. टाळेबंदीत शिक्षणासाठी हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, हे त्यामागचे कारण होते. मला या प्रयोगातला सर्वांत चांगला भाग हा वाटतो, की नियम मोठ्यांनाही होता. स्वतः रील पाहत मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणणाऱ्या बापाचे ऐकणार कोण?

मी स्वतः माझ्यापुरता एक नियम पाळते. कोणाच्या लेखनाला किंवा छायाचित्राला मी ‘लाइक’ करीत नाही. काही सांगायचे असेल तर एक पूर्ण वाक्य लिहिते, नसेल तर गप्प बसते, आणि आलेला संदेश पुढे पाठवायचाच असेल तर तो मी का पाठवते आहे हे वर लिहिते. याने मन:शांती वगैरे मिळाल्याचा दावा मी करणार नाही. रोज वाक्य लिहिण्यासारखे काही सुचत नाही, त्यामुळे माझा वावर कमी दिसतो आणि आप्तेष्टांच्या मते मी शिष्ट झाले आहे. मागच्या लग्नसराईत माझ्या चुलत वहिनीने मला पंगतीत बाजूला घेऊन विचारले, की आमच्या नव्या घराच्या फोटोंवर तुमचे काहीच कसे नाही, काही चुकले का आमचे? वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी त्याच घराच्या ओट्याविषयी आणि ईशान्येच्या खिडकीविषयी फोनवर भरपूर बोललो होतो. तिला ते चांगले आठवत होते. ती म्हणाली, “ते खरे हो ताई, पण ते आपल्या दोघींत झाले ना. तिथे सगळ्यांना दिसते, कोणाचा अंगठा आहे आणि कोणाचा नाही ते.”